बाळाला शेंगदाणा उशिरा दिला तर अ‍ॅलर्जी टळते का?

नाही टळत, उलट उशीर केल्याने धोका वाढू शकतो, सहा महिन्यांच्या आसपास बाळ वरचं खायला लागलं की शेंगदाणाही सुरू करा. २०१५ च्या लीप (LEAP) नावाच्या वैद्यकीय अभ्यासात अ‍ॅलर्जीचा जास्त धोका असलेली ६४० बाळं होती, ज्यांना शेंगदाणा ४ ते ११ महिन्यांच्या वयात सुरू करून नियमित दिला त्यांच्यात, तो न दिलेल्या बाळांपेक्षा, पाचव्या वर्षी ही अ‍ॅलर्जी ८० टक्क्यांच्या आसपास कमी दिसली. अख्खा दाणा अजिबात नको हं, घशात अडकतो, गुळगुळीत पेस्ट पाण्यात पातळ करून चमच्याच्या टोकावर द्या, दहा मिनिटं ओठांभोवती गांध्या उठतात का बघा, नाही उठल्या तर मग उरलेलं, आणि पुढे आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेवा. फक्त तीव्र एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल होऊन खाज सुटणं) किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी आधीच असेल तर पहिला चमचा डॉक्टरांना विचारूनच.