जाहिरातीतलं भाडं आणि खिशातून जाणारं भाडं

म्युनिक, ॲमस्टरडॅम आणि लंडन इथल्या टू बीएचकेच्या जाहिराती शेजारी मांडून तुम्ही विचारलंय, की दोन वर्षांसाठी कुठे जाणं स्वस्त पडेल. पण म्युनिकचं ते घर टू बीएचके नाहीच! जर्मन लोक खोल्या मोजताना हॉलही धरतात. त्या जाहिरातीतलं 'त्स्वाय त्सिमर' (दोन खोल्या) म्हणजे हॉल आणि एक बेडरूम. तुम्हाला 'द्राय त्सिमर' (तीन खोल्या) बघायला हवं.

तिथल्या आकड्यापुढे 'काल्ट' लिहिलंय का तेही बघा. काल्ट म्हणजे नुसत्या जागेचं भाडं. 'वार्म'मध्ये पाणी, कचरा, जिन्याची झाडलोट आणि बहुधा हीटिंग येतं. त्याचाही हिशोब वर्षाने होतो. हिवाळ्यात हीटर सढळ हाताने लावला असेल, तर फरक भरायचा. वीज आणि इंटरनेट वेगळं. शिवाय घरामागे महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरात टीव्ही नसला तरी. डिपॉझिट काल्टच्या तिपटीपर्यंत मागतात. ते तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने आहे, पण घरमालक आपणहून सांगेलच असं नाही.

आणि स्वयंपाकघर! माझ्या पहिल्या घरात त्या जागी भिंतीतून डोकावणारे दोन पाइप होते. ओटा नाही, सिंक नाही. पंधरा दिवस पोहे बाथरूमच्या बेसिनवर भिजवले. आधीचा भाडेकरू ओट्यासकट गेला होता, आणि तिथे त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जाहिरातीत 'आइनबाउक्युशे' (बसवलेलं स्वयंपाकघर) शब्द असेल तरच ओटा मिळेल. कधी कधी जाणारा भाडेकरू तो तुम्हालाच विकतो, तेव्हा घासाघीस जरूर करा.

ॲमस्टरडॅमच्या जाहिरातीत 'काल' (म्हणजे ओकंबोकं घर) शब्द दिसला, तर बहुतेक खालचं फ्लोअरिंगसुद्धा तुम्हीच घालायचं. दोन वर्षांसाठी हा उपद्व्याप मी करणार नाही. डिपॉझिट मात्र तिथे २०२३ पासून दोन महिन्यांच्या मूळ भाड्यापुरतंच.

लंडनचं भाडं आठवड्याचं असेल, तर चाराने गुणू नका. आठवड्याला ४०० पौंड म्हणजे महिन्याला १६०० नव्हे, सुमारे १७३३. वर कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथल्या पालिकेचा कर, तो भाडेकरूच भरतो. घर त्या कराच्या कुठल्या बँडमध्ये (टप्प्यात) आहे ते एजंटला आधीच विचारा. डिपॉझिट तिथे साधारण पाच आठवड्यांचं.

तिन्ही जाहिरातींतला मूळ मजकूर इथे चिकटवा, मग बेरीज करू.