डाव्या कानात कोल्ट्रेन, उजव्या कानात कॅननबॉल

मागच्या अंकात मी जॅझच्या जुन्या तबकड्यांविषयी लिहिलं होतं. सॅक्सोफोन ऐकायचा असेल तर १९५५ ते १९६५ या दहा वर्षांपासून सुरुवात करा, असं त्यात सुचवलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतो. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी कळवलं आहे, म्हणून नुसती गावं दिली आहेत.

प्रश्न : वय सत्तर. आयुष्यभर ख्याल ऐकला. तुमचं वाचून नातवाकडून ‘काइंड ऑफ ब्लू’ लावून घेतलं. कानाला गोड लागलं, पण कोण वाजवतंय आणि गाडी कुठे चालली आहे याचा पत्ता लागत नाही. दोन सॅक्सोफोन आहेत म्हणता, मला तर एकच ऐकू येतो. (सांगली)

नातवाकडून आता हेडफोनही मागून घ्या. ‘एल’ लिहिलेली बाजू डाव्याच कानावर आहे ना, तेवढं बघा आणि पहिलीच रचना लावा, ‘सो व्हॉट’. या तबकडीच्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात जॉन कोल्ट्रेनचा टेनर, म्हणजे जरा खालच्या पट्टीचा सॅक्सोफोन डावीकडे आहे, कॅननबॉल अ‍ॅडर्लीचा आल्टो, म्हणजे वरच्या पट्टीचा, उजवीकडे आणि ज्याची ही तबकडी त्या माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट मधोमध. एवढं लक्षात ठेवलंत की दोघांची गल्लत होणार नाही.

आता गाडी कुठे चालली आहे ते. आधी पियानो आणि बास (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) दबक्या आवाजात काहीतरी बोलतात, लय अजून बांधलेली नसते. मग पॉल चेंबर्स बासवर एक ओळ म्हणतो आणि बाकीचे दोन सुरांत तिला होकार देतात. ही बंदिश. चार मात्रांचा एक बार, असे ३२ बार मिळून एक आवर्तन. पहिले १६ बार डी हा षड्ज, पुढचे ८ बार अख्खी चाल अर्ध्या सुराने वर सरकते, शेवटचे ८ बार पुन्हा मूळ जागी. स्वर तुमच्या ओळखीचेच आहेत : गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे आपला काफी थाट. त्यात काफी राग मात्र शोधू नका, चलन अगदी वेगळं आहे.

बंदिश संपली तरी हे ३२ बारांचं आवर्तन फिरतच राहतं, आणि प्रत्येक जण त्यावर आपला विस्तार करतो. षड्ज वर सरकल्याचं जाणवलं की समजा, शेवटचे १६ बार उरले. ख्याल ऐकणाऱ्याला ही जागा पकडायला वेळ लागत नाही. सम ओळखणारा कान तुमच्याकडे आहे, इथे तो षड्जाच्या सरकण्याकडे लावायचा.

दीड मिनिटाच्या सुमारास माइल्स सुरू होतो, दोन आवर्तनं घेतो. साधारण साडेतीन मिनिटांवर डाव्या कानात कोल्ट्रेन येतो. त्याचा आवाज कडक, सरळ, कंप जवळजवळ नाहीच. सुरुवात मोजक्या वाक्यांनी करतो आणि मग ताना दाट होत जातात. एखादा तुकडा हाती लागला की तो खालून, वरून, मधूनच तोडून, पुन्हा पुन्हा तपासत राहतो. त्याचीही दोन आवर्तनं झाली की सव्वापाच मिनिटांच्या आसपास उजवीकडून कॅननबॉल शिरतो, आणि खोलीतलं हवामानच बदलतं. गोल, भरलेला, मांसल आवाज. सूर किंचित खालून उचलायचा, वाक्याच्या शेवटी थोडा लाड करायचा. ब्लूज, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेलं कृष्णवर्णीयांचं गाणं, त्याच्या अंगात होता आणि तो त्याने कधी लपवला नाही.

ही मंडळी २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी न्यूयॉर्कमध्ये जमली होती. तिसाव्या रस्त्यावरच्या एका जुन्या चर्चमध्ये कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता, तिथे. वाजवणाऱ्यांच्या हाती रचनांचे आराखडेच होते, पूर्ण लिहिलेलं असं फारसं काही नव्हतं. या तबकडीवर बोलताना सगळे कोल्ट्रेनकडे धावतात. मला मात्र कॅननबॉलचं काम अजूनही पुरेसं ऐकलं गेलेलं वाटत नाही. तो तुम्हाला आवडला तर पुढची तबकडी ‘समथिंग एल्स’. मार्च १९५८ मधली, त्याच्या स्वतःच्या नावावरची. तीत माइल्स त्याच्या साथीला आहे, त्या काळात एरवी सहसा कोणाच्या साथीला न बसणारा माणूस. तीतलं ‘ऑटम लीव्ह्ज’ रात्री ऐका.

प्रश्न : वडिलांच्या संग्रहात ‘काइंड ऑफ ब्लू’ची जुनी एलपी सापडली. मी पेटी वाजवतो. पहिल्या बाजूवरच्या रचनांचे सूर पेटीशी जुळत नाहीत, दुसऱ्या बाजूचे जुळतात. रेकॉर्ड प्लेअर बिघडलाय का? (नाशिक)

प्लेअर ठीक आहे आणि तुमचा कान उत्तम आहे. २ मार्चच्या दिवशी ज्या टेपयंत्रावर ध्वनिमुद्रण झालं ते किंचित हळू फिरत होतं. साहजिकच टेप नेहमीच्या वेगाने लावली की सूर चढा येतो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना त्या दिवशीच्या. १९९० च्या दशकात नव्या आवृत्त्या काढताना ही चूक सुधारली गेली. सोबत वाजवायचं असेल तर त्यानंतरची आवृत्ती घ्या. वडिलांची एलपी जपून ठेवा. जगाने तीस-पस्तीस वर्षं ही तबकडी त्या चढ्या सुरातच ऐकली आहे.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. सगळे म्हणतात जॅझमध्ये कोल्ट्रेनची ‘अ लव्ह सुप्रीम’ ऐकलीच पाहिजे. प्रामाणिकपणे प्रयत्न केला. शेवटपर्यंत पोचता येत नाही, डोकं भणभणतं. माझ्यात काही कमी आहे का? (पुणे)

काहीही कमी नाही. तुम्हाला सल्ला देणाऱ्यांनी दार सोडून गच्चीवरून आत शिरायला सांगितलं. कोल्ट्रेनकडे जायची वाट आहे, त्या वाटेने या.

१९५७ साली कोल्ट्रेन तिशीत होता आणि हेरॉइनच्या विळख्यात. माइल्सने त्याला बँडमधून काढलं. त्याच वर्षी त्याने व्यसन सोडलं. ‘त्या वर्षी देवाच्या कृपेने मला आध्यात्मिक जाग आली’, या आशयाचं पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवलं. थेलोनियस मंक या पियानोवादकाबरोबर काही महिने तो रोज रात्री वाजवत होता, आणि १५ सप्टेंबर १९५७ ला त्याने ‘ब्लू ट्रेन’ मुद्रित केली. तुम्ही इथून सुरुवात करा. पहिली रचना साधा १२ बारांचा ब्लूज आहे. पितळी वाद्यांची ती गंभीर हाक आणि तिला येणारं उत्तर एकदा ऐकलंत की विसरणार नाही. त्यानंतर पहिला विस्तार कोल्ट्रेनचाच. ट्रम्पेटवर ली मॉर्गन आहे, तो तेव्हा १९ वर्षांचा होता, म्हणजे तुमच्याच वयाचा.

नंतर ‘बॅलड्स’ ऐका. त्यात तो संथ प्रेमगीतं वाजवतो, जवळपास चाल आहे तशी. याच माणसाच्या आवाजात इतका मऊपणा आहे हे कळल्याशिवाय त्याची वादळं ऐकू नयेत, असं माझं ठाम मत आहे. मग ‘माय फेव्हरेट थिंग्ज’, ऑक्टोबर १९६० ची, ज्यात तो सोप्रानो सॅक्सोफोन हाती घेतो. सोप्रानोचा तो नाकातला, पुंगीकडे झुकणारा स्वर आणि खाली संथ घुमणारा पियानो आपल्या कानाला परका वाटत नाही. हा योगायोगही नाही. त्या काळात कोल्ट्रेन भारतीय संगीत लक्ष देऊन ऐकत होता. नोव्हेंबर १९६१ मध्ये त्याने ‘इंडिया’ नावाची रचना मुद्रित केली आणि १९६५ मध्ये मुलाचं नाव पंडित रविशंकरांवरून रवी ठेवलं.

एवढं झालं की ‘अ लव्ह सुप्रीम’. ९ डिसेंबर १९६४, न्यू जर्सीतला रूडी व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ, चार माणसं, चार भाग, सगळी मिळून ३३ मिनिटांच्या आसपास. एका बैठकीत ऐकण्यासारखी लांबी आहे, पण तुम्ही आधी फक्त पहिला भाग घ्या. सुरुवातीच्या गजरानंतर जिमी गॅरिसन बासवर चार सुरांचा एक तुकडा धरतो. तो गुणगुणता येईपर्यंत पुढे जाऊ नका. भागाच्या शेवटाकडे कोल्ट्रेन तेच चार सूर घेऊन एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत, दुसऱ्यातून तिसऱ्या, असा बाराही पट्ट्यांतून फिरतो. न सांगता ऐकलं तर हे भरकटणं वाटतं, आणि तुमचं डोकं भणभणलं ते बहुतेक इथेच. प्रत्यक्षात जिथे जाईन तिथे तेच नाव घेईन, असा तो जप आहे. लगेच पाठोपाठ माणसांच्या आवाजात त्याच चार सुरांवर तबकडीचं नाव म्हटलं जातं.

आणि शेवटचा भाग, ‘साम’ (इंग्रजी Psalm, म्हणजे स्तोत्र). कोल्ट्रेनने एक प्रार्थना लिहिली होती, ती वेष्टनावर छापलेली आहे. या भागात ताल थांबतो, ढोल समुद्रासारखे मागे गडगडत राहतात आणि सॅक्सोफोन ती प्रार्थना शब्दाशब्दाने वाचतो. अक्षरं मोजून. प्रार्थना समोर ठेवून ऐका, ‘थँक यू गॉड’ कुठे येतं ते बोटाने धरता येईल. अडीच वर्षांनी, जुलै १९६७ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो गेला.

प्रश्न : एक मोठा अमेरिकन सॅक्सोफोनवादक पवईत राहून गेला असं ऐकलं. खरं की दंतकथा? (ठाणे)

खरं आहे. सॉनी रॉलिन्स. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो मुंबईला आला आणि काही महिने पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात राहून योग, ध्यान आणि वेदान्त शिकला. पुढे १९७८ साली रंगभवनातल्या पहिल्या ‘जॅझ यात्रे’त त्याने वाजवलं.

मन लागेना म्हणून सगळं सोडून निघून जायचं, हे त्याने आधीही केलं होतं. १९५९ मध्ये, नाव ऐन भरात असताना, त्याने कार्यक्रम बंद केले. घरी रियाज केला तर शेजाऱ्यांना त्रास, म्हणून तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन नदीवरच्या वाऱ्यात तासन्‌तास वाजवायचा. दोन वर्षं हे चाललं. परतल्यावर काढलेल्या तबकडीचं नाव ‘द ब्रिज’.

पण ऐकायला आधी घ्या ती २२ जून १९५६ ची ‘सॅक्सोफोन कोलॉसस’. पहिलीच रचना ‘सेंट थॉमस’. रॉलिन्सच्या आईचं घराणं कॅरिबियन बेटांवरचं, आणि ही चाल त्याने लहानपणी आईकडून ऐकलेली. सुरुवातीला मॅक्स रोच ड्रम्सवर एकटाच ठेका धरतो. बंदिश झाल्यावर रॉलिन्सचा विस्तार कसा सुरू होतो तेवढंच नीट ऐका : दोन सूर. फक्त दोन. ते म्हणतो, थांबतो, जरा इकडे सरकवून पुन्हा म्हणतो, मागे टाकतो, पुढे ओढतो. घाई नाही. मग त्या दोनांचे चार, चारांची ओळ. आलापीत एकेका स्वराची बढत ऐकलेल्या माणसाला हे लगेच पोचेल. त्याच तबकडीवरचं ‘ब्लू सेव्हन’ हे याच पद्धतीचं अकरा मिनिटांचं काम आहे, आणि मला ते कोल्ट्रेनच्या कोणत्याही तबकडीइतकंच मोठं वाटतं. फुप्फुसाच्या विकारामुळे रॉलिन्सने २०१२ नंतर जाहीर कार्यक्रम केला नाही.

प्रश्न : मी ऑर्केस्ट्रात आल्टो वाजवतो. मनोहारी सिंग यांचे पीस तोंडपाठ आहेत. जॅझ वाजवायची इच्छा आहे, नोटेशनची पुस्तकं आणली पण त्यातून जॅझ निघत नाही. रीड किती नंबरची वापरू? (कोल्हापूर)

मीही ऑर्केस्ट्रात वाढलो, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. ‘काश्मीर की कली’मधल्या ‘है दुनिया उसी की’चे पीस तुम्ही नक्की वाजवत असाल. ते तुम्ही कागदावरून उचलले नाहीत. रेकॉर्ड ऐकून, त्यातला श्वास, मींड, सूर सोडायची पद्धत कानाने उचललीत. जॅझ असंच शिकतात. पुस्तकं कपाटात ठेवा.

पहिला माणूस जॉनी हॉजेस. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला आल्टोवाला. १९५९ ची ‘बॅक टू बॅक’ मिळवा. एका सुरावरून दुसऱ्यावर तो असा घसरत जातो की मधली पायरी सापडत नाही. मींड तुमच्या ओठांत आहेच, त्यामुळे इथे तुम्हाला घरी आल्यासारखं वाटेल.

दुसरा पॉल डेझमंड, आणि ‘टेक फाइव्ह’. डेव्ह ब्रूबेकच्या ‘टाइम आउट’ या तबकडीवरची ही रचना डेझमंडची. मुद्रण जुलै १९५९ चं, आणि वर सांगितलेल्या त्याच चर्चमधल्या स्टुडिओत. पाच मात्रा, तीन अधिक दोन. झपतालात दोन-तीन मोजायची सवय असेल तर इथे उलट, आधी तीन. पियानोचा ठेका शेवटपर्यंत तोच राहतो, म्हणून विस्तार शिकायला ही जागा सोयीची. पियानोवर ई फ्लॅट मायनर असलं तरी आपल्या आल्टोवर ते सी मायनर म्हणून येतं, बोटांना अडचण नाही. डेझमंडचा आवाज हलका, कोरडा, हवेशीर आहे. ऑर्केस्ट्रात माइकसमोर जोर लावायची जी सवय लागते ती इथे मोडावी लागेल. मृत्युपत्रात या रचनेचं मानधन त्याने अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे केलं.

शिकवणीत मी मुलांना विस्ताराचे चार बार देतो. आधी तोंडाने म्हणायचे, रेकॉर्डबरोबर, श्वासासकट. बिनचूक म्हणता आले तरच सॅक्सोफोन उचलायचा. मग पुढचे चार. ‘टेक फाइव्ह’मधला डेझमंडचा भाग असा बसवा, आणि बसला की तोच दुसऱ्या दोन पट्ट्यांत वाजवून बघा.

रीडचं (सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसवायच्या पातळ पट्टीचं) विचारलंय : अडीच नंबर ठेवा. तीनचं वेड घेऊ नका, डेझमंडसारखा आवाज जाड रीडमधून आपोआप येत नाही. तीन रीड चालू ठेवा, रोज एक बदलून वाजवा, वाजवून झालं की पुसून सपाट डबीत ठेवा. पावसाळ्यात माउथपीसवर तशीच राहिलेली रीड हमखास वाकते.