पहिल्यांदाच करतोय, स्विफ्टला लोअरिंग स्प्रिंगा घरी बसवता येतील का?

तुमच्याकडे २०१४ ची स्विफ्ट आहे, गाडी ३५ मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणल्यात, आणि आजवर स्टेपनी बदलण्यापलीकडे हात काळे केलेले नाहीत. माझ्या मते मागच्या दोन स्प्रिंगा तुम्ही नक्की बसवाल. पुढचे शॉकअपही गाडीतून उतरवा, पण त्यांच्यावरची स्प्रिंग घरी सोडवू नका.

मागचं काम सोपं आहे, कारण स्विफ्टला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, असतो आणि स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी बसते. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करा. मग गाडी दोन्ही बाजूंनी स्टँडवर घ्या. सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड प्लायवूड घाला, नाहीतर पाय रुततात. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. बीमला ट्रॉली जॅकचा आधार देऊन दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक हळूहळू उतरवा. ब्रेकचा होज किंवा एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हे सतत बघा. स्प्रिंग मोकळी होऊन हातात येते. नवी बसवताना रबरी सीट विसरू नका आणि स्प्रिंगचं टोक खाचेत टेकलंय का ते बोट फिरवून बघा.

पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग मिळून एकच जोड. तिथे स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते आणि तिला धरून ठेवतो तो वरचा मधला नट. गाडीचं वजन पेलणारी ताकद त्या स्प्रिंगमध्ये साठलेली असते. मी पहिल्यांदा स्प्रिंग दाबून धरणारा दोन हुकांचा साधा कंप्रेसर आणून अंगणात बसलो होतो. एका बाजूचा बोल्ट जास्त आवळला गेला, स्प्रिंग केळ्यासारखी वाकली आणि हुक वेटोळ्यावरून बोटभर सरकला. ‘टण्ण’ असा आवाज आला. नट अजून सोडला नव्हता म्हणून चेहरा वाचला. त्यानंतर दोन्ही स्ट्रट तसेच रिक्षात घालून गॅरेजमध्ये नेले. तिथल्या भिंतीवरच्या मोठ्या कंप्रेसरवर अर्ध्या तासात काम झालं. तुम्ही सुरुवातच तिथून करा.

स्ट्रट काढताना आधी लिंक रॉड (स्ट्रटला अँटी-रोल बारशी जोडणारी बारीक दांडी) सोडवा, ब्रेक होज आणि एबीएस वायरच्या क्लिपा काढा, मग नकलचे (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्ट आणि सगळ्यात शेवटी बॉनेटखालचं माउंटिंग. मधल्या नटला गाडीवर असताना हात लावू नका. नकल मोकळा झाला की बाहेर कलंडतो, तो तारेने बांधा, ब्रेक होजवर लोंबकळू देऊ नका. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. रबरी बुश (सांध्यातला रबराचा गोल तुकडा) असलेले बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरल्यावरच, मॅन्युअलमधल्या टॉर्कनुसार, शेवटचे आवळा. हवेत आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो.

एक हिशेबही करा. तुमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी, त्यातून ३५ गेले की उरले १३५, तेही गाडी रिकामी असताना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. गल्लीतला आखूड, उभट गतिरोधक त्या मापात बसतोच असं नाही. चार माणसं बसवून रोजच्या रस्त्याने एकदा जाऊन बघा, मगच पाना हातात घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे, तेही वाचा आणि विमा कंपनीला लेखी विचारा. जुन्या स्प्रिंगा कापून गाडी खाली घेण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मुळीच ऐकू नका. कापलेलं टोक सीटमध्ये धड बसत नाही.

काम झालं की हळू चालवत थेट अलाइनमेंटला न्या, कारण उंची बदलली की टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) बदलतो आणि टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. आठवडाभराने सगळे नट परत एकदा तपासा.