गिझरला टायमर लावला तरी बिल जिथल्या तिथे, असं का होतं

प्रश्न थोडक्यात असा आहे : ५० लिटरचा, २ किलोवॉटचा साठवणीचा गिझर. वेळेनुसार बदलणाऱ्या दराची योजना घेतली, तीत रात्री ११ ते सकाळी ६ वीज स्वस्त. तेवढ्याच वेळात गिझर चालू राहील असा चकतीचा टायमर लावला, आणि खोलीतल्या तेलाच्या हीटरलाही तसाच एक. तरी बिल हललं नाही, वर संध्याकाळी पाणी कोमट. टायमर बिघडलाय का?

बिघडलेला नसण्याची शक्यता जास्त. टायमर वीज वाचवत नाही, ती कोणत्या तासात वापरायची एवढंच ठरवतो. त्यामुळे फायदा होतो की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं : दोन दरांतलं अंतर, उष्णता साठवायची सोय, आणि टायमरचं घड्याळ मीटरच्या घड्याळाशी जुळतं का.

आधी दर. अशा बहुतेक योजनांत रात्रीचा दर उतरतो तसा दिवसाचा दर सरसकट (चोवीस तास एकच असलेल्या) दरापेक्षा वर चढतो. बिल न हलण्याचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं. सरसकट दर १००, दिवसाचा १२० आणि रात्रीचा ६० धरा. घराचा रोजचा वापर १२ युनिट. त्यात गिझरचे अडीच आणि फ्रिजसारखी चोवीस तास चालणारी उपकरणं रात्रीच्या सात तासांत घेतात ते दीड, असे चार युनिट रात्री पडतात. उरलेले आठ दिवसा. हिशोब : ४ × ६० अधिक ८ × १२० म्हणजे १२००. जुन्या योजनेत १२ × १०० म्हणजे तेही १२००. टायमर चोख चालतोय आणि बिल जिथल्या तिथे.

बरोबरीचा बिंदू काढायचं सूत्र सोपं आहे : दिवसाच्या दरातून सरसकट दर वजा करा, आणि त्याला दिवसाच्या व रात्रीच्या दरांतल्या फरकाने भागा. वरच्या आकड्यांत २० भागिले ६०, म्हणजे एक तृतीयांश. एकूण वापराचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग रात्री गेला तरच योजना परवडते. तुमच्या बिलावरचे खरे दर घालून हे आधी करून बघा, उत्तर अर्ध्याच्या वर आलं तर टायमरवर वेळ घालवू नका, योजना बदला. आणि काही योजनांत स्वस्त तास रात्री नसून दुपारी असतात, कारण तेव्हा सौर वीज भरपूर असते. तेव्हा वेळा ऐकीव माहितीवर न ठेवता स्वतःच्या योजनेच्या कागदावरूनच घ्या.

आता गिझर. पाणी तापवायला किती वीज लागते याचं गणित पक्कं आहे, त्यात कंपनी किंवा मॉडेलने फरक पडत नाही : लिटर गुणिले तापमानातली वाढ, भागिले ८६०, बरोबर युनिट. ५० लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला ५० × ४० ÷ ८६०, म्हणजे साधारण २.३ युनिट. २ किलोवॉटच्या कॉइलला त्यासाठी एक तास दहा मिनिटं लागतात. म्हणजे तुम्ही दिलेल्या सात तासांपैकी पावणेसहा तास थर्मोस्टॅट (ठरलेलं तापमान आलं की वीज तोडणारा भाग) कॉइलला जवळजवळ बंदच ठेवतो. अधूनमधून ती लागते ती फक्त टाकीच्या अंगातून झिरपलेली उष्णता भरून काढायला.

ही झीज मोजता येते. टाकी पूर्ण तापवा, २४ तास गरम पाण्याचा नळ उघडू नका, गिझर चालू ठेवा आणि त्याने किती युनिट घेतले ते प्लगमध्ये लावायच्या छोट्या मीटरवर बघा (तो मीटर गिझरचा करंट पेलणारा हवा). समजा १ युनिट आला. आता बऱ्याच जणांना न पटणारी गोष्ट : तापलेली टाकी १२ तास नुसती बंद ठेवली आणि पाणी वापरलंच नाही, तर बचत अर्ध्या युनिटची होत नाही. पाणी ६० वरून ५२ च्या आसपास उतरतं आणि ते पुन्हा वर न्यायला जवळपास ०.४५ युनिट लागतातच. निव्वळ बचत ०.०५ युनिट. झीज खरोखर वाचते ती टाकी थंड पाण्याने भरून पडलेली असते त्या तासांत.

म्हणून टायमर ११ ला सुरू करायची गरज नाही. सकाळी साडेसहाला पाणी लागणार असेल तर सव्वाचार ते पावणेसहा एवढी खिडकी पुरते. ११ ला तापवलेलं पाणी पहाटेपर्यंत उगाच उष्णता सोडत बसतं, त्यात पाव युनिट जातो. थंडीत येणारं पाणी १० अंशांवर असेल तर ५० × ५० ÷ ८६० म्हणजे २.९ युनिट, सुमारे दीड तास. तेव्हा सुरुवात पावणेचारला घ्या.

संध्याकाळच्या कोमट पाण्याचं कारण उघड आहे. सकाळी गरम पाणी संपतं, टाकीत थंड पाणी शिरतं आणि रात्री ११ पर्यंत कॉइलला वीजच मिळत नाही. ६० अंशांचं ५० लिटर पाणी २० अंशांच्या पाण्यात मिसळून ४० अंशांचं १०० लिटर व्हायला हवं, पण थंड पाणी खालून शिरताना थोडं मिसळतं, त्यामुळे ८० लिटर हाती लागले तरी ठीक समजा. यावर उपाय तीन.

पहिला फुकटचा : घरातल्या एक-दोघांच्या आंघोळी स्वस्त तास संपायच्या किमान सव्वा तास आधी उरकता आल्या, तर टाकी त्याच दरात पुन्हा तापते आणि बाकीच्यांना किंवा संध्याकाळसाठी उरते. सकाळी ६ ला ६० अंशांवर असलेलं पाणी, कुणी हात लावला नाही तर, संध्याकाळी ७ ला ५२ च्या आसपास असतं. अर्थात यासाठी टायमर पावणेसहाला बंद न करता पाच-पन्नासपर्यंत न्यावा लागेल आणि सुरुवातही या पहिल्या आंघोळींच्या किमान सव्वा तास आधी आणावी लागेल.

दुसरा : संध्याकाळी अर्ध्या तासाची जादा खिडकी. अर्ध्या तासात १ युनिट जातो आणि ५० लिटर पाणी १७ अंशांनी तापतं. महाग दराने, पण एकच युनिट.

तिसरा म्हणजे १०० लिटरची टाकी. इथे थांबून हिशोब करा. संध्याकाळचा तो एक युनिट महाग दराने १२० ला पडतो. मोठ्या टाकीत तो रात्री ६० ला मिळतो, पण टाकी मोठी म्हणून झीज रोज अर्धा युनिट वाढली तर त्याचे ३० धरा. बचत रोजची ३०, म्हणजे दिवसाच्या एका युनिटचा चौथा हिस्सा. नवीन टाकीची किंमत त्यातून कधी निघेल ते तुम्हीच बघा. जुनी टाकी गळायला लागली असेल तर गोष्ट वेगळी.

थर्मोस्टॅट खाली आणून बचत करायचा मोह होतो, पण साठवलेलं पाणी ६० अंशांवर ठेवावं. लिजिओनेला हे न्यूमोनिया घडवणारे जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांत वाढतात, ६० च्या वर मरतात. मात्र ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत भाजतं, लहान मुलं आणि वयस्कर माणसं घरात असतील तर नळाशी मिश्रण झडप (गरम पाण्यात थंड मिसळून देणारी) हवीच. ७० च्या पुढे नेऊन जास्त उष्णता साठवायच्या फंदात पडू नका. जड पाणी असेल तर कॉइलवर क्षार झपाट्याने बसतात आणि झीजही वाढते.

टायमरबद्दल. चकतीच्या टायमरला वीज गेली की तो जागीच थांबतो. दोन तास वीज नसेल तर तो कायमचा दोन तास मागे पडतो : ११ ते ६ चं १ ते ८ होतं. नुसती तापलेली टाकी असती तर फारसं बिघडलं नसतं, पण साडेसहाला आंघोळी होऊन थंड पाणी शिरतं आणि ती सगळी टाकी ८ पर्यंत महाग दराने तापते. तुमच्याकडे चकतीचाच टायमर आहे, तेव्हा आज पहिलं काम म्हणजे त्यावरची वेळ बघणं. वीज वारंवार जाते तिथे आत बॅटरी असलेला डिजिटल टायमरच घ्या.

डिजिटलची स्वतःची खोड आहे. हाताने ‘ऑन’ करून परत ‘ऑटो’ वर नेलं, की बरेच टायमर पुढची ठरलेली वेळ येईपर्यंत चालूच राहतात. आधी ‘ऑफ’, मग ‘ऑटो’ असं न्यायचं. दुपारचे १२ आणि रात्रीचे १२ यांची गल्लत होऊ नये म्हणून घड्याळ २४ तासांच्या पद्धतीवर ठेवा.

मीटरचं घड्याळही तपासा. मीटरचं बटण दाबत गेलं की वेळ आणि दोन्ही दरांची वेगवेगळी नोंद दिसते. ते घड्याळ तुमच्या मोबाइलपेक्षा मागेपुढे असू शकतं, आणि घड्याळं ऋतूनुसार पुढेमागे करतात अशा देशांत काही मीटर वर्षभर एकाच वेळेवर चालतात. कोणत्या रकान्यात युनिट पडताहेत याची खात्री करायला रात्री गिझर चालू असताना दोन्ही आकडे लिहा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. रात्रीचाच आकडा वाढायला हवा. ठरलेल्या वेळेच्या दोन्ही टोकांना दहा-पंधरा मिनिटं मोकळी सोडा. वर सांगितलेल्या पाच-पन्नासला दहाच मिनिटं उरतात, म्हणून तो बदल मीटरचं घड्याळ पाहिल्याशिवाय करू नका.

आता सुरक्षेची बाजू, जी टाळू नये. २३० व्होल्टवर २ किलोवॉट म्हणजे ८.७ अँपिअर, ३ किलोवॉट म्हणजे १३. प्लगमधल्या टायमरवर १६ अँपिअर छापलेलं असलं तरी आतला रिले (वीज जोडणारा-तोडणारा स्विच) छोटा असतो, आणि तास-दीड तास सलग पूर्ण भार रोज वाहून त्याचे संपर्कबिंदू जळतात. कधी ते चिकटून बसतात, मग टायमर ‘बंद’ दाखवतो आणि गिझर चालूच. प्लगच्या पिना तपकिरी पडणं, सॉकेट हाताला गरम लागणं, जळका वास, यातलं काहीही दिसलं तर वापर तिथेच थांबवा. ३ किलोवॉटसाठी योग्य रचना म्हणजे डिस्ट्रिब्यूशन बोर्डात बसणारा टायमर आणि त्याच्या हुकमाने चालणारा २५ अँपिअरचा दोन पोलचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा भार पेलणारा, विजेनेच चालू-बंद होणारा स्विच. टायमरमधून फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा किरकोळ करंट जातो, गिझरचा भार कॉन्टॅक्टर उचलतो. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. एक्स्टेंशन बोर्डावर तर गिझरही नको आणि हीटरही.

टायमर विकत घेण्याआधी एक चाचणी करा : गिझर तापत असताना भिंतीवरचा स्विच बंद करून पुन्हा लावा. डिजिटल पॅनेलचे काही गिझर वीज परत आल्यावर आपणहून सुरू होत नाहीत, नुसता लाल दिवा दाखवत बसतात. त्यांना बाहेरचा टायमर निरुपयोगी आहे. हीट पंपाच्या (हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या) गिझरचीही वीज बाहेरून तोडू नका, त्याचा स्वतःचा टायमर वापरा. शिवाय हवा उबदार असताना तो कमी विजेत काम करतो, त्यामुळे रात्रीच्या स्वस्त दराचा काही फायदा रात्रीच्या थंड हवेतच जातो. आणि ३ लिटरच्या इन्स्टंट गिझरला टायमर लावून काहीच साधत नाही, तिथे साठाच नाही.

तेलाचा हीटर मात्र या खेळातून काढून टाका. त्यात पाचेक लिटर तेल आणि दहाएक किलो लोखंड असतं, पूर्ण तापल्यावर दोन्ही मिळून पाव युनिटच्या आतबाहेर उष्णता धरतात. दीड किलोवॉटच्या हीटरचं हे दहा मिनिटांचं काम. पहाटे तापवून दिवसभर ऊब मिळेल ही आशाच नको. रात्री झोपेत खोली गरम हवी असेल तरच त्याला स्वस्त तासांचा उपयोग, आणि तेव्हाही टायमरपेक्षा त्याचा थर्मोस्टॅट एक-दोन अंश खाली आणणं जास्त वाचवतं.

रात्री भरून दिवसा वापरायचे ते विटांचे साठवण हीटर वेगळे. त्यांच्यातल्या जड विटा ६००-७०० अंशांपर्यंत तापतात आणि १०० किलो विटांत १५ युनिटच्या आसपास उष्णता मावते. त्यांना दोन कळा असतात : एक रात्री किती भरायचं ते ठरवते, दुसरी ऊब किती वेगाने सोडायची ते. दुसरी कळ रात्री उघडी राहिली की पहाटेच बरीच उष्णता खोलीत सांडते, संध्याकाळी हीटर गार, आणि घरचे महाग दराने दुसरा हीटर लावून बसतात. झोपताना ती बंद, दुपारनंतर हळूहळू उघडायची.

तुमच्या बाबतीत क्रम असा लावा : चकतीची वेळ दुरुस्त करा, गिझरची खिडकी पहाटेकडे सरकवा, तेलाच्या हीटरचा टायमर काढा, आणि दोन्ही दरांचे आकडे आठवडाभर रोज एकाच वेळी लिहा. ते आकडे आणि बिलावरचे तिन्ही दर इथे टाका, योजना ठेवायची की सोडायची ते त्यावरून सांगता येईल.