समुद्रावरून परतल्यावर : आधी पत्ता, बोटीचा निर्णय नंतर

तुम्ही लिहिलंय की अनेक वर्षं शिडाच्या बोटीवर काढून परतलात, बोट किनाऱ्यावरच्या बोटींच्या यार्डात उभी आहे, घर भाड्याने मिळत नाही कारण तुमचा आधीचा पत्ता कुणालाच पटत नाही, रात्री दोनला जाग येते, पायाखालची जमीन अजून हलते, आणि जोडीदाराचं म्हणणं आहे की बोट विकून देणाऱ्या ब्रोकरला हो म्हणून मोकळं व्हावं. यातलं आधी काय निस्तरायचं, हा तुमचा प्रश्न. आमच्याकडे हे सगळं जवळजवळ याच क्रमाने घडून गेलंय, म्हणून जरा लांबच लिहिते. सामानाची आवराआवर, निरोप, यादी करणं वगैरे सोडून देते. समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला ते शिकवायची गरज नाही.

आधी पत्ता. झोप, पाय, नोकरी, बोट सगळं त्यानंतर. परतलेल्या माणसाला आत काय होतंय ते आधी बोलावंसं वाटतं, हे मला कळतं. पण आतलं बरंचसं हळूहळू आपलं आपण शांत होतं. कागदाचं तसं नाही, तो जितका लांबतो तितका जास्त अडतो.

आमचं अडलं ते असं. रहिवासाची नोंद करणाऱ्या कार्यालयाला भाडेकरार हवा होता. घरमालकांना अलीकडचं बँक स्टेटमेंट आणि चालू उत्पन्न हवं होतं. बँकेने पाठवलेली पत्रं जुन्या पत्त्यावरून परत गेली होती, म्हणून तिने खातं बंद करून ठेवलं होतं, आणि ते पुन्हा सुरू करायला तिला रहिवासाची नोंद हवी होती. बँकेवर किंवा घरमालकांवर माझा राग नाही. राग आहे तो त्या कार्यालयावर, कारण यातून सुटायची वाट त्यांच्याच नियमांत होती आणि कित्येक महिने ती आम्हाला कुणीही सांगितली नाही. नाव लिहीत नाही.

खिडकीवर विचारलं, याआधी कुठे राहत होता? बोटीवर. बोट कुठे होती? आम्ही फाइल पुढे सरकवली. प्रत्येक देश सोडताना घेतलेलं पोर्ट क्लिअरन्स, म्हणजे बंदर सोडायच्या परवानगीचा कागद, त्यात क्रमाने लावलेलं होतं, तारखा आणि शिक्क्यांसकट : कॅनरी बेटं, कॅरिबियनमधली बंदरं, पनामा, मार्केसस, टोंगा, आणि पुढे हिंदी महासागर ओलांडून दक्षिण आफ्रिका. उत्तर आलं, हे कागद बोटीचे आहेत, माणसांचे नाहीत. क्लिअरन्ससोबत क्रू लिस्ट, म्हणजे बोटीवरच्या माणसांची यादी असते. तिच्यावर प्रत्येकाचं नाव, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक असतो, आणि आमच्या प्रतींवर बंदराचा शिक्काही होता. पुढचं पान उलटलं असतं तर सगळं तिथेच दिसलं असतं. ते उलटलं गेलं नाही. पुढच्या खेपेला खिडकीवर दुसरी व्यक्ती होती आणि तिला वेगळाच कागद हवा होता. त्याच्या पुढच्या खेपेला कळलं की आमचा अर्ज अपुरा म्हणून दाखलच करून घेतलेला नाही. इतके दिवस आम्ही ज्या अर्जाच्या निकालाची वाट बघत होतो, तो अर्ज कुणाच्या टेबलावर नव्हताच.

याची किंमत वेळेत मोजता आली असती तर मी एवढं लिहिलं नसतं. शेवटच्या लांब टप्प्यात विंच (शिडाचे दोर ताणायचं चक्र) ओढताना नवऱ्याचा खांदा दुखावला होता. प्रवासाचा विमा परतल्याबरोबर संपला, तो तसाच असतो. इथला आरोग्य विमा नोंदीशिवाय मिळेना. तपासणी खिशातून केली, पण पुढच्या उपचारांचा खर्च आमच्या आवाक्यात नव्हता, कारण उरलेले पैसे घराच्या अनामत रकमेसाठी धरून ठेवलेले. नोंद झाली तोवर खांदा आखडून गेला होता. तो हात आजही पूर्ण वर जात नाही. भर वाऱ्यात एकट्याने मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, चढवणारा माणूस आहे तो. त्या खिडकीबद्दल माझ्या मनात अजून क्षमा नाही आणि ती आणायचा प्रयत्नही मी करत नाही.

शेवटी आम्ही सुटलो ते दोन गोष्टींनी. एक, नवऱ्याच्या बहिणीने लिहून दिलं की हे दोघं माझ्या घरी राहतात, सोबत तिच्या घराची कागदपत्रं जोडली. पाहुणा म्हणून राहणाऱ्याचीही नोंद होऊ शकते, ही तरतूद तिथे पहिल्यापासून होती. दुसरी गोष्ट, आम्ही नकार लेखी मागितला. तोंडी नकारावर वरिष्ठांकडे दाद मागता येत नाही. ‘कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या कागदाअभावी अर्ज घेत नाही, हे लिहून द्या’ असं शांतपणे, अर्जाच्या स्वरूपात मागा आणि त्याची पोच घ्या. आमच्या बाबतीत लेखी नकार आलाच नाही. त्याऐवजी एका वरिष्ठ बाईंनी बोलावलं, क्रू लिस्टची पानं शांतपणे वाचली आणि अर्ज दाखल करून घेतला. त्यांना जेमतेम एक दुपार लागली.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे आहेत आणि मी वकील नाही. तुमच्याकडे पाहुण्याची नोंद होत नसेलही. पण वाट कुठली आहे हे विचारायचं ते ‘हा कागद चालेल का’ असं नाही, तर ‘स्थिर पत्ता नसलेल्या माणसाने नोंद कशी करायची’ असं विचारा. असे लोक फक्त बोटीवरून येत नाहीत, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी त्यांच्यासाठी काही ना काही लिहिलेलं असतं. आणि क्लिअरन्सची फाइल, शिक्के असलेले जुने पासपोर्ट, लॉगबुक यातलं काहीही टाकू नका. कराच्या रहिवासाचा, म्हणजे कर कोणत्या देशात भरायचा याचा, प्रश्न पुढे येणारच आहे. बऱ्याच देशांत वर्षातले 183 दिवस हा त्यातला एक निकष असतो, एकमेव नव्हे, आणि तुम्ही कोणत्या तारखेला कुठे होता हे दाखवायला त्या शिक्क्यांइतका चांगला पुरावा दुसरा नाही. सगळ्याच्या स्कॅन प्रती आजच करून ठेवा. बोटीच्या दमट कपाटातून आलेले कागद बघता बघता पुसट होतात.

जे अजून समुद्रावर असतील आणि हे वाचत असतील त्यांना सांगते. नांगर उचलायच्या आधीच कुणा विश्वासातल्या माणसाचा पत्ता पत्रव्यवहारासाठी सगळीकडे देऊन ठेवा, आणि निदान एक बँक खातं अधूनमधून वापरत राहा. वाहन परवान्याची मुदतही बघा.

आता बोटीच्या कागदांचं, कारण तुमची बोट परदेशात घेतलेली आहे असं तुम्ही ओझरतं म्हटलंय आणि मला त्याचीच जास्त काळजी वाटते. तुम्ही जमिनीवर राहायला आलात की कस्टम्सच्या नजरेत बोटीचा दर्जा बदलू शकतो. युरोपीय संघाचं उदाहरण घ्या. संघाबाहेर राहणाऱ्याची, बाहेर नोंदलेली बोट तिथे 18 महिन्यांपर्यंत करांशिवाय ठेवता येते. पण ही सवलत मालक बाहेरचा रहिवासी आहे म्हणून असते. मालकाने तिथेच बिऱ्हाड केलं की तिचा आधार जातो. उलट संघातूनच नेलेली बोट त्याच मालकाने 3 वर्षांच्या आत परत आणली, तर साधारणपणे पुन्हा कर पडत नाही. तुमच्या देशाचा नियम असाच असेल असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणते की रहिवासाची नोंद करण्यापूर्वी हा एक प्रश्न जाणकार कस्टम्स एजंटला विचारा. मी वर ‘आधी पत्ता’ म्हटलं, त्यातला हा एकच अपवाद. विक्रीच्या वेळी खरेदीदार पहिल्यांदा कर भरल्याचाच कागद मागतो.

जमीन हलण्याबद्दल. लांब प्रवासात मेंदू सततच्या हालचालीशी जुळवून घेतो आणि ती थांबल्यावरही काही काळ तसाच चालत राहतो. बहुतेकांना हे काही तास, फार तर दोन-तीन दिवस होतं. पण महिना उलटून गेला तरी जात नसेल तर ते वेगळं दुखणं असू शकतं. त्याला माल द देबार्कमाँ सिंड्रोम म्हणतात. त्याची खूण अशी की गाडीत किंवा पुन्हा बोटीवर बसलं की बरं वाटतं आणि स्थिर जागी आलं की परत सुरू होतं. बोट लागण्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. मी डॉक्टर नाही, पण तुम्ही पाच आठवडे झाले असं लिहिलंय, तेव्हा कान आणि तोल यांचं काम करणाऱ्या डॉक्टरकडे जा आणि हे नाव स्वतःहून सांगा. अनेक डॉक्टरांसमोर असा रुग्ण क्वचितच येतो.

रात्री दोनला जाग येणं ही बोटीवर आळीपाळीने पहारा देण्याची सवय आहे. तीन-चार तासांचे तुकडे करून वर्षानुवर्षं झोपल्यावर सलग झोप एका रात्रीत येत नाही. आम्ही तिच्याशी भांडलो नाही. जाग आली की उठायचं, खिडकीपाशी जायचं, वारा कुठून आहे ते बघायचं, परत पडायचं. नवरा तर बराच काळ नांगर घसरतोय का ते बघायला उठत असे. ते कमी होत गेलं. पायांचंही तसंच. बोटीवर शरीर सारखं तोल सावरत असतं, पण चालणं जवळजवळ होत नाही, त्यामुळे पोटऱ्या उतरलेल्या असतात. पहिल्याच आठवड्यात लांब फिरायला निघू नका. आणि जुने बूट होत नाहीत म्हणून घाबरू नका, अनवाणी राहून पावलं पसरतात.

लोकांचं म्हणाल तर ते वादळाबद्दल विचारतील, उत्तर अर्धं ऐकतील आणि विषय बदलतील. मला याचा फार त्रास झाला होता. त्यांच्या बाजूने त्यात वाईट काही नव्हतं, हे नंतर पटलं. बोलायचं असेल तर समुद्रावरून आलेल्यांशीच बोला.

आता बोट विकायची की नाही. माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या : तुम्हा दोघांची झोप आणि दोघांचे कागद जागेवर येईपर्यंत ब्रोकरला हो म्हणू नका, आणि नाहीही म्हणू नका. यार्डाचं एका हंगामाचं भाडं भरा आणि निर्णयाची तारीख ठरवून कॅलेंडरवर लिहा. तारीख न लिहिता ‘बघू’ म्हणत ठेवलेल्या बोटी मी यार्डात बघितल्यात, झाडाचा पाला डेकवर कुजत असतो आणि मालक कधी येत नाही. तुमच्या जोडीदाराला विकायची घाई आहे ती बोटीचा कंटाळा आला म्हणून नसेलही. आमच्याकडे मला विकायची होती, आणि कारण होतं खर्चाची भीती. ती आकडे मांडल्यावर निम्म्याने कमी झाली. यार्ड, विमा, वर्षाची डागडुजी असा एकच कागद दोघांनी मिळून करा.

अशा वेळी कुणीतरी फ्रेंच दर्यावर्दी मोइतेसिएचं उदाहरण हमखास देतं. 1968-69 च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत दक्षिण अमेरिकेचं टोक केप हॉर्न वळून गेल्यावर तो इंग्लंडला परतलाच नाही, पुढे ताहितीला गेला. लोकांना वाटतं खरा दर्यावर्दी तोच. हे उदाहरण परतलेल्या माणसाला उगाच अपराधी करतं. त्याच शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन 312 दिवसांनी 22 एप्रिल 1969 ला इंग्लंडमधल्या फाल्मथला पोहोचला, जमिनीवर आयुष्य उभं केलं, आणि 2007 मध्ये वयाच्या 68 व्या वर्षी पुन्हा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत पुरी केली. मला तो जास्त जवळचा वाटतो. परत येणं म्हणजे समुद्र सोडणं असं त्याच्याकडे बघून वाटत नाही. आम्ही आमची बोट शेवटी विकली, पण दीड हंगाम वाट बघून आणि दोघांच्या मनाने.

बोट यार्डात आहे तोवर काही गोष्टी मात्र थांबणार नाहीत. लिथियम बॅटऱ्या असतील तर पूर्ण चार्जवर ठेवू नका, साधारण निम्म्यावर आणून तारा काढून ठेवा. लेड-ॲसिड असतील तर उलट, पूर्ण चार्ज करूनच ठेवायच्या. वॉटरमेकरचा (समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्राचा) मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, नुसता सोडला तर आत जंतू वाढून खराब होतो. तो संरक्षक द्रावण भरून ठेवावा लागतो, आणि नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने थेट धुऊ नये, मध्ये कार्बन फिल्टर हवाच. डिझेलची टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या जागेत बाष्प धरतं आणि त्या पाण्यात जंतू वाढतात. शिडं उतरवून कोरडी करून घरी आणा, घर मिळाल्यावर.

आणि ईपर्बला विसरू नका. 406 मेगाहर्ट्झवर संकटाचा इशारा देणारं ते यंत्र अजून तुमच्या जुन्या फोन नंबरावर नोंदलेलं असणार. चुकून सुरू झालं तर बचाव केंद्र आधी नोंदीतल्या नंबरवर फोन करून खात्री करतं, आणि तो फोन लागला नाही तर खऱ्या संकटात अडकलेल्या कुणासाठी लागणारी माणसं तुमच्या यार्डाच्या दिशेने निघू शकतात. नोंद नव्या नंबरावर करा. बोट विकलीत तर नव्या मालकाच्या नावे करून द्या. यंत्र मुदत संपून टाकायचं असेल तर बॅटरी काढून, निकामी करूनच द्या.

तुमच्या बॅटऱ्या कोणत्या आहेत आणि बोटीची नोंद कोणत्या देशाची आहे ते लिहा, म्हणजे पुढचं नेमकं सांगता येईल. कार्यालयाला लेखी कारण मागणाऱ्या आमच्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे. हवा असेल तर नावं काढून देते.