निर्मूलन, उच्चाटन की दूरीकरण?

विचारणा अशी आहे: ‘देवीचं निर्मूलन’, ‘पोलिओचं उच्चाटन’, ‘गोवर दूरीकरण’ असं वाचायला मिळतं. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच का? आणि ‘समूळ निर्मूलन’ म्हणणं चूक का?

दुसरा प्रश्न सोपा, म्हणून तो आधी. निर्मूलन म्हणजे मूळच न ठेवणं. त्याला पुन्हा ‘समूळ’ लावणं म्हणजे पिवळा पीतांबर. ‘समूळ उच्चाटन’ मात्र चालतं, आणि ते का चालतं यातच पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

उच्चाटन हा शब्द मंत्रतंत्रातला. जारण-मारण-उच्चाटन ही त्रयी ऐकलेली असते, पण त्यातला फरक कुणी फारसा बघत नाही. मारण म्हणजे जीव घेणं. उच्चाटन म्हणजे माणसाला त्याच्या जागेवरून उठवून लावणं, हुसकावणं. उच्चाटन झालेला मरत नाही. दुसरीकडे जातो, आणि संधी मिळाली की परतही येतो. म्हणून तिथे ‘समूळ’ जोडलं तर अर्थात खरोखर भर पडते.

आता गंमत बघा. आरोग्यक्षेत्रातही हेच दोन वेगळे शब्द आहेत. इरॅडिकेशनमध्ये लॅटिन ‘रॅडिक्स’, म्हणजे मूळ. (रॅडिश त्याच घरातला; आपला मुळाही ‘मूळ’चाच.) एलिमिनेशनमध्ये ‘लिमेन’, म्हणजे उंबरठा. एकात मूळ उपटायचं, दुसऱ्यात उंबरठ्याबाहेर काढायचं. निर्मूलन आणि उच्चाटन ही जोडी आपल्याकडे जणू तयारच होती.

व्यवहारात फरक असा. निर्मूलन जगभराचं असतं: कुठेही नैसर्गिकरीत्या एकही नवा रुग्ण नाही. माणसाच्या रोगांत हा मान फक्त देवीला मिळाला. तिचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण १९७७ मध्ये सोमालियातल्या मर्का इथे सापडला. तो रुग्णालयात स्वयंपाकी होता. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेत देवी संपल्याचं जाहीर झालं. जनावरांच्या रोगांत बुळकांडीबद्दल तशी घोषणा २०११ साली झाली.

दुसरा प्रकार प्रदेशापुरता. तिथली संसर्गाची साखळी तुटली, पण रोग जगात कुठेतरी आहेच. अमेरिका खंडांनी २०१६ मध्ये गोवर असा उंबरठ्याबाहेर काढला आणि २०१८ मध्ये त्याने व्हेनेझुएलात पुन्हा बिऱ्हाड थाटलं. ओळखायची खूण सोपी आहे: लस थांबवता येते का? देवीची लस सर्वसामान्यांना देणं जगाने बंद केलं. गोवराची बंद करून चालणार नाही.

पोलिओ दोन्हींच्या मधे अडकलाय. १९८८ पासून जगभर मोहीम चालू आहे. रानटी (म्हणजे निसर्गात फिरणाऱ्या, लसीतल्या नव्हे) विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दुसऱ्याचं निर्मूलन २०१५ मध्ये, तिसऱ्याचं २०१९ मध्ये प्रमाणित झालं. पहिला अजून अफगाणिस्तान-पाकिस्तानात तग धरून आहे. तेव्हा ‘पोलिओ निर्मूलन मोहीम’ म्हणणं बरोबर, कारण ते उद्दिष्ट आहे. ‘पोलिओचं निर्मूलन झालं’ म्हणणं चूक.

राहिलं ‘दूरीकरण’. एलिमिनेशनसाठी सरकारी पत्रकांत हाच शब्द दिसतो. कानाला रुक्ष आहे, टेबलावरच जन्मलेला वाटतो, पण अर्थाला पक्का: दूर केलंय, संपवलेलं नाही. मला स्वतःला ‘उच्चाटन’ जास्त आवडलं असतं. पण वर्तमानपत्रांनी ‘समूळ’ लावून लावून ते निर्मूलनाच्या इतकं जवळ नेऊन ठेवलंय की आता वाचक दोन्ही एकच समजणार. नेमकं लिहायचं असेल तर दूरीकरणच वापरावं.

आणखी एक शब्द जपून वापरा: नामशेष. ज्याचं फक्त नाव उरलं ते नामशेष. देवीचा रोग नामशेष झाला म्हणता येईल, विषाणू नाही. १९७८ मध्ये बर्मिंगहॅमला, शेवटचा नैसर्गिक रुग्ण बरा झाल्यानंतर, प्रयोगशाळेशी जोडलेल्या संसर्गातून एक बाई दगावली. आजही तो विषाणू अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोव्होला, अशा दोन प्रयोगशाळांत अधिकृतपणे राखून ठेवलेला आहे.