उपासना यांत्रिक झाली आहे असं वाटतं, तर बदलाची सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की चर्चमधली रविवारची उपासना पाठ केलेलं म्हणून दाखवल्यासारखी झाली आहे. तरुण म्हणतात गाणी बदला, वडीलधारे म्हणतात एक ओळही हलवायची नाही, आणि समितीत नवे म्हणून दोन्हीकडचे तुमच्या तोंडाकडे बघतायत. मी पाळक नाही. आमच्या मंडळीत बरीच वर्षं आळीपाळीने उपासना चालवतो, शास्त्रवाचन आणि मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना करतो. चुका करून जे कळलं तेच सांगतो.

पहिली गोष्ट, ‘तेच तेच’ला आरोपी करू नका. मत्तयाच्या 6व्या अध्यायात येशू व्यर्थ बडबड करू नका म्हणतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच शुभवर्तमानाच्या 26व्या अध्यायात, अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत, तो स्वतः तिसऱ्यांदा जाऊन पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो. म्हणजे आक्षेप आहे तो ‘व्यर्थ’वर. स्तोत्र 136 मध्ये 26 ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी देवाची दया सनातन आहे हेच पालुपद येतं. सव्विसाव्यांदा ते म्हणणाऱ्याला कंटाळा येत नसेल असं नाही, पण मधल्या ओव्यांत मिसर, समुद्र, रान, राजे असं काही ना काही घडत असतं. पालुपद तेच आणि आठवण दर वेळी नवी.

हे आम्हाला उशिरा कळलं. एका वर्षी आम्ही सगळंच बदललं. पडदा, प्रोजेक्टर, दर रविवारी नवं गाणं. पहिले दोन रविवार उत्साह होता. मग लक्षात आलं की गातोय फक्त क्वायर, बाकीचे पडद्याकडे बघत उभे. पुढची ओळ कुठली येणार हेच शोधत असाल तर त्या ओळीने प्रार्थना कशी करणार? नवं गीत गा असं स्तोत्रं वारंवार सांगतात, ते खरंच आहे. पण नवं गीत थोडं जुनं झाल्याशिवाय मंडळीचं होत नाही. आता आम्ही महिन्याला एकच नवं गाणं घेतो आणि तेच चारही रविवारी म्हणतो. चौथ्या रविवारी मागच्या बाकांवरून आवाज येतो. (प्रोजेक्टर अजून आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही, दिवे मालवण्याशी आहे. अंधारात बसवलं की माणसं प्रेक्षक होतात.)

इसवी सन 155च्या आसपास रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचायचे, मग प्रमुखाने बोध करायचा, मग सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. प्रमुख आपल्या कुवतीप्रमाणे उपकारस्तुती करतो आणि लोक आमेन म्हणतात. जे आले नाहीत त्यांच्याकडे सेवक वाटा पोचवतात. चौकट ठरलेली आणि आतले शब्द त्या माणसाचे, त्या दिवसाचे. मला वाटतं तुमच्या दोन गटांतलं भांडण इथेच सुटण्यासारखं आहे. चौकट वडीलधाऱ्यांची राहू द्या. आतली ‘कुवतीप्रमाणे’ची जागा कोण आणि कशी भरतो, खरी पडझड तिथे होते.

माझंच सांगतो. मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी आमच्याकडे आजाऱ्यांच्या नावांची टाइप केलेली यादी असायची. फाइलमधून काढायची, वाचायची, परत ठेवायची. एका रविवारी मी ती वाचली आणि त्यात एका गृहस्थांचं नाव होतं, ज्यांना जाऊन अडीच महिने झाले होते. दफनविधीला मी स्वतः होतो. तरी त्यांना लवकर बरं कर, म्हणून माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि लोक आमेन म्हणाले. त्यांच्या पत्नी तिसऱ्या बाकावर होत्या. बाहेर पडताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “त्यांना आता बरंच आहे हो.” रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

तेव्हापासून यादी टाइप होत नाही. ज्याची पाळी असेल त्याने शनिवारी फोन करून चौकशी करायची आणि नावं स्वतःच्या हाताने लिहायची. दहा नावांना अर्धा-पाऊण तास जातो. पण ज्याच्याशी काल बोललात त्याचं नाव तुम्ही वेगळ्या आवाजात घेता, आणि तो आवाज ऐकणाऱ्यांना कळतो.

शास्त्रवाचनाचंही तसंच. बहुतेक ठिकाणी वाचणाऱ्याला वचन उपासना सुरू होताना कळतं. त्याला निदान तीन दिवस आधी सांगा आणि घरी मोठ्याने वाचायला लावा. एकदा आम्ही पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र घेतलं. एकच अध्याय, 25 ओव्या. वाचणाऱ्या मुलीने ते कागदावर उतरवून घडी घालून आणलं आणि पाकिटातून काढून पत्रासारखं वाचलं. पत्राच्या सुरुवातीलाच ‘तुझ्या घरातल्या मंडळीला’ असा उल्लेख आहे, म्हणजे ते चारचौघांत वाचलं जाणार होतं, आणि फिलेमोनाच्या ज्या दासाबद्दल लिहिलंय तो ओनेसिम बहुधा तिथेच कुठेतरी उभा असेल. हे तिने आधी एका वाक्यात सांगितलं. ‘त्याच्याकडे काही येणं असेल तर ते माझ्या नावावर मांड’ या अर्थाची ओळ आली तेव्हा लोक पुस्तकातून मान वर करून तिच्याकडे बघत होते. खर्च एका पाकिटाचा.

शांततेचं काय? आमच्या उपासनाक्रमात पापकबुलीच्या आधी ‘शांतता’ असं छापलेलं होतं. मी एकदा घड्याळ लावलं. चार सेकंद. एवढ्यात आठवड्याभराचं एखादं पापही आठवत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनेबद्दल जो दस्तऐवज काढला त्यात लोकांच्या सक्रिय सहभागाबद्दल सांगताना गाणी आणि प्रतिसादांबरोबर योग्य वेळी शांतताही सांगितली आहे. गप्प बसणं हाही सहभागच. आता चालवणारा मनात सावकाश साठ मोजतो. सुरुवातीला लोक खोकले.

आणि आनंदाची सक्ती करू नका. “सगळे आनंदात आहात ना?” असं माइकवरून विचारलं की गुरुवारी वडिलांना पुरून आलेला माणूस एक तर खोटं बोलतो किंवा पुढच्या रविवारी येत नाही. दीडशे स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. स्तोत्र 88 तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्याला सुखान्त जोडलेला नाही. वर्षातून काही वेळा तरी असं स्तोत्र निवडा आणि त्यानंतर लगेच टाळ्यांचं गाणं लावू नका.

समितीतले दोघं एकमेकांशी बोलत नसतील तर मात्र यातलं काहीही चालणार नाही. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, हे मत्तयाच्या 5व्या अध्यायातलं सांगणं आहे, आणि ते गाण्यांच्या निवडीच्या बैठकीला जसंच्या तसं लागू पडतं.

येत्या रविवारी काही बदलू नका. शेवटच्या बाकावर बसा आणि मंडळीचा आवाज कुठे पडतो तेवढं टिपून ठेवा. आमच्याकडे तो शेवटच्या प्रार्थनेला पडायचा, कारण त्या वेळी निम्मे लोक खिशात गाडीची किल्ली चाचपत असत. मग ती प्रार्थना आम्ही अर्पणाच्या आधी घेतली, आणि शेवटी फक्त आशीर्वचन ठेवलं.